रफू : सुईने केलेले विणकाम

फाटलेले वस्त्र पुन्हा वापरात आणण्याचे जे मार्ग महाराष्ट्रात रूढ आहेत, त्यांपैकी उसवलेल्या जागी टाके घालणे आणि भोकावर ठिगळ लावणे हे दोन घरोघरी माहीत असतात. तिसरा मार्ग रफूचा, आणि तो पहिल्या दोहोंपासून मुळातच वेगळा आहे. टाका दोन कापडांना एकत्र बांधतो, ठिगळ फाटका भाग झाकते, तर रफूमध्ये नाहीसा झालेला कापडाचा भाग त्याच जागी, त्याच विणीत, सुईने नव्याने विणला जातो. त्यामुळे रफूगराची विद्या शिंप्यापेक्षा विणकराच्या अधिक जवळची ठरते. मात्र विणकरापुढे माग असतो, शेकडो उभे धागे एकाच वेळी वर-खाली करण्याची सोय असते आणि कापड कसे विणायचे हे आधीच ठरलेले असते. उलट रफूगराला दुसऱ्या कोणी तरी विणलेल्या कापडाचा हिशेब आधी उलगडावा लागतो आणि मग त्यात आपला एकेक धागा बेमालूम मिसळावा लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांचा खानदेश हा कापसाचा मुलूख आहे. येथे कापूस पिकतो, त्याची सरकी निघते, एके काळी येथेच त्याचे सूत व कापडही मोठ्या गिरण्यांत होत असे, आणि हातमाग व यंत्रमागांवर विणणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. अशा मुलखात रफूकडे किरकोळ दुरुस्ती म्हणून न पाहता वस्त्रविद्येचे एक अंग म्हणून पाहणे योग्य होईल.

रफू समजण्यासाठी आधी कापडाची घडण समजून घ्यावी लागते. मागावर लांबीच्या दिशेने ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि धोट्याने त्यांच्यामधून आडव्या नेलेल्या धाग्यांना बाणा. बाण्याचा धागा एका उभ्या धाग्यावरून आणि पुढच्याच्या खालून असा एकाआड एक जात राहिला की साधी वीण तयार होते. मलमल, धोतर, पॉपलीन ही सारी याच विणीची. तोच धागा दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जाऊ लागला आणि दर ओळीला हा क्रम एका धाग्याने पुढे सरकत गेला, तर कापडावर बारीक तिरप्या रेघा उमटतात. ही तिरपी वीण, जी सर्ज, गॅबर्डीन आणि पँटच्या बहुतेक कापडांत कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. साटीनमध्ये धागा पृष्ठभागावर बराच लांब मोकळा राहतो, म्हणून ते चकाकते आणि म्हणूनच त्यात खोचही लवकर लागते. कापडाचा तलमपणा सुताच्या नंबरावर अवलंबून असतो. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे ४० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी ३३,६०० वार, सुमारे ३० किलोमीटर भरते. रफूगराला या आकड्यांची पाठांतरे असतातच असे नाही, पण बोटांच्या चिमटीत कापड घासून सुताची जाडी, पीळ आणि वीण ओळखण्याचा त्याचा सराव असतो, आणि त्या ओळखीत चूक झाली तर पुढचे सगळे श्रम फुकट जातात.

लोकरी पँटवर विडीची ठिणगी पडून पाव इंचाचे भोक पडले आहे, असे धरून ही क्रिया जवळून पाहता येईल. पहिले काम धागा मिळवण्याचे असते, आणि तो बाजारातल्या रिळावरून मिळत नाही, कारण रंग जुळला तरी जाडी, पीळ आणि लोकरीचा पोत जुळत नाही. म्हणून रफूगर त्याच वस्त्राच्या आत शोध घेतो. पायाच्या तळाशी आत दुमडलेली पट्टी, शिलाईच्या आत सोडलेली माया, म्हणजे पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून शिंप्याने राखलेले जादा कापड, आणि खिशाच्या तोंडाची आतली बाजू, या तीन ठिकाणी सहसा तो मिळतो. तेथून उभ्या दिशेच्या दशा वेगळ्या आणि आडव्या दिशेच्या वेगळ्या काढून ठेवल्या जातात, कारण पुष्कळ कापडांत ताणा आणि बाणा एका रंगाचे दिसले तरी एका जातीचे नसतात. ताण्याचे सूत मागावरचा ताण सोसण्यासाठी अधिक पिळदार केलेले असते. त्यातही एक अडचण असते. मायेतले कापड उजेड आणि धुलाई यांपासून बचावलेले असल्यामुळे त्याचा रंग मूळचा, गडद राहिलेला असतो, तर गुडघ्यावरचे कापड फिके पडलेले असते. जाणता रफूगर म्हणूनच शिलाईच्या कडेजवळचा, थोडाफार उजेड लागलेला भाग शोधून तेथून दशा ओढतो.

यानंतर भोकाच्या कडेचा जळून कडक झालेला भाग अगदी बारीक कात्रीने काढला जातो. कापड डाव्या हाताच्या बोटांवर किंवा लहान चौकटीवर अलगद ताणले जाते. जास्त ताणले तर रफू झाल्यावर ते आक्रसते आणि त्या जागी चुण्या दिसतात. सुई लांब, अतिशय बारीक आणि निमुळती असते. आधी उभे धागे भरायचे. सुई भोकाच्या कडेच्या सुमारे पाव इंच अलीकडे, शाबूत कापडात शिरते, तेथे असलेल्या उभ्या धाग्याला लगटून त्याच्याच वाटेने, तोच वर-खालीचा क्रम पाळत कडेपर्यंत येते, भोकावरून सरळ पलीकडे जाते आणि पलीकडच्या शाबूत कापडात पुन्हा तितकेच अंतर चालून थांबते. गाठ कोठेही मारली जात नाही. धाग्याला धरून ठेवते ती शेजारच्या धाग्यांची पकड. मायेतून काढलेली दशी बहुधा दोन-तीन इंचांचीच असते आणि नेढ्यात ओवून टाके घेण्याइतकी तिची लांबी पुरत नाही. अशा वेळी रिकामी सुईच आधी संपूर्ण वाटेवर विणत नेली जाते, तिचे नेढे कापडाबाहेर जेमतेम राहील अशा बेताने थांबवली जाते, मग नेढ्यात दशीचे टोक ओवून सुई पुढे ओढून घेतली जाते आणि दशी आपोआप त्या वाटेवर पसरते. ही युक्ती सांगायला दोन वाक्ये पुरतात, पण रफूगिरीची अर्धी विद्या तिच्यात आहे, कारण तिच्यामुळेच परक्या धाग्याचा आधार न घेता वस्त्र स्वतःच्याच धाग्यांनी भरून काढता येते.

उभे धागे भरून झाले की भोकावर एक झिरझिरीत जाळी तयार होते. आता आडव्या धाग्यांची पाळी येते, आणि खरी कसोटी येथे लागते. साध्या विणीत एकाआड एक धागा उचलत गेले की काम होते. तिरप्या विणीत मात्र प्रत्येक ओळ कोणत्या धाग्यापासून सुरू करायची हे शेजारच्या शाबूत ओळीवरून मोजून घ्यावे लागते, अन्यथा भोक बुजते पण तिरपी रेघ त्या ठिकाणी तुटते, आणि उजेडात ती तुटलेली रेघ भोकाइतकीच डोळ्यांत भरते. चौकटीच्या कापडात याशिवाय रंगांचा क्रमही सांभाळावा लागतो. या श्रमाचे प्रमाण साध्या गणिताने कळते. कापडात दर इंचाला ६० उभे आणि ४८ आडवे धागे आहेत असे मानले, तर पाव इंचाच्या भोकात १५ उभे आणि १२ आडवे धागे तुटलेले असतात. प्रत्येक नवा धागा दोन्ही कडांना पाव-पाव इंच आत न्यायचा, म्हणजे एकूण पाऊण इंच चालवायचा, तर सगळे मिळून सुमारे ९०० ठिकाणी धाग्याला धागा वरून किंवा खालून ओलांडावा लागतो. शेंगदाण्यापेक्षाही लहान भोकामागे हे ९०० निर्णय असतात. शेवटी पालथ्या बाजूची टोके कापून, ओलसर फडके ठेवून इस्त्री केली जाते, म्हणजे धागे बसतात. लोकरी कापड असेल तर मऊ ब्रशने त्याची लव उठवली जाते. सुलट्या बाजूने भोक न दिसणे ही चांगल्या रफूची निम्मीच परीक्षा होय. बोट फिरवल्यावर तेथे उंचवटा लागू नये, कापड उजेडासमोर धरल्यावर तेथे काळपट ठिपका दिसू नये आणि दोन-तीन धुलायांनंतर ती जागा आक्रसू नये, या तिन्ही गोष्टी साधल्या तरच काम पुरे झाले असे म्हणता येते.

मोठे भोक असेल, किंवा कसरीने एकाच ठिकाणी बरेच कापड खाल्ले असेल, तर एकेक दशी भरण्याऐवजी आतल्या मायेचा एक तुकडा कापून, त्याच्या चारही कडांच्या दशा मोकळ्या करून, तो भोकावर नेमक्या विणीत बसवला जातो आणि त्या मोकळ्या दशा एकेक करून सभोवतालच्या कापडात विणत मागच्या बाजूला ओढून घेतल्या जातात. यात भोकाचा मधला भाग तयारच मिळतो, काम फक्त कडांवर राहते. खिळ्याला किंवा बाभळीच्या काट्याला अडकून कापड काटकोनात फाटते, त्याला मराठीत खोंबारा म्हणतात. येथे कापड नाहीसे झालेले नसते, फक्त तुटलेले असते, म्हणून दोन्ही कडा एकमेकींना भिडवून त्यांच्यावरून धागे नेले की पुरते. याउलट मांडीला मांडी घासून किंवा खुर्चीवर बसून विरलेले कापड भोकापेक्षा कठीण असते, कारण आधारासाठी ज्या शाबूत कापडात धागा शिरवायचा ते कापडही तितकेच विरलेले असते.

सर्व कापडे रफूला सारखीच साथ देत नाहीत. लोकर सर्वांत सोयीची. तिच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांत अडकतात, त्यामुळे नवा धागा जुन्यात मुरतो आणि वरची लव सांधा झाकते. दुर्दैवाने किड्यांनाही लोकरच आवडते. कपाटात पांढरट अळीच्या रूपाने वाढणाऱ्या पतंगाचे अन्न म्हणजे लोकरीतले केराटिन हे प्रथिन, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग राहिलेली लोकर त्या अळ्या आधी पकडतात. सुती कापडाचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे त्यात चूक लपत नाही, तरी खादी याला काही अंशी अपवाद आहे, कारण हाताने कातलेल्या सुताची जाडी मुळातच कमी-अधिक असते आणि त्या असमानतेत रफूचा धागा सामावून जातो. १९३६ च्या डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्या वेळी खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते. खादीचे कौतुक करताना ती दुरुस्तीला किती अनुकूल आहे याचा उल्लेख सहसा होत नाही, तो व्हायला हवा. रेशीम सर्वांत अवघड. त्याचा धागा निसरडा असतो, तो शेजारच्या धाग्याला धरत नाही आणि चकाकीमुळे दिशेतला किंचित बदलही जाणवतो. पॉलिएस्टरची अडचण निराळी आहे. ठिणगीने ते जळत नाही, वितळते. वितळून कडेला कडक गोळे तयार होतात आणि ते कापून काढले की भोक मूळच्या दुप्पट होते. टी-शर्टचे किंवा स्वेटरचे कापड तर ताणा-बाण्याचे नसून एकाच धाग्याच्या फासांनी गुंफलेले असते, म्हणून तेथे रफूऐवजी आकड्याच्या सुईने सुटलेले फास एकेक करून वर चढवत आणावे लागतात.

रफू हे फाटल्यानंतरचे काम आहे अशी आज समजूत असली तरी इतिहासात रफूगर आधी दिसतो तो कोरे कापड तयार होत असताना. ढाक्याचे सिव्हिल सर्जन जेम्स टेलर यांनी १८४० साली ढाक्याविषयी लिहिलेल्या ग्रंथात तेथील मलमलीच्या धंद्याचे वर्णन आहे, आणि त्या धंद्यात रफूगर हा स्वतंत्र कारागीर होता. धुलाईनंतर मलमलीत राहिलेले दोष काढणे हे त्याचे काम होते आणि निष्णात रफूगर मलमलीच्या थानातून संपूर्ण लांबीचा एखादा जाडसर धागा काढून त्या जागी अधिक तलम धागा घालू शकत असे. काश्मीरमधील शालींचा इतिहास तर रफूगरावाचून सांगताच येत नाही. कानी शाल ही लहान लाकडी काड्यांवर गुंडाळलेल्या रंगीत धाग्यांनी इतक्या सावकाश विणली जाते की, एकोणिसाव्या शतकात मागणी वाढल्यावर एकाच शालीचे भाग वेगवेगळ्या मागांवर विणून घेण्याची पद्धत पडली. ते भाग असे जोडायचे की जोड दिसू नये, हे काम रफूगरांकडे आले. १८०३ च्या सुमारास ख्वाजा युसुफ नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने अली बाबा या रफूगराच्या मदतीने, विणीतली नक्षी सुईने हुबेहूब भरलेली अमली शाल बाजारात आणली आणि ती विणलेल्या शालीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडली. दुरुस्तीच्या सुईतून एक नवी कलाशाखा निघाल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातील नजीबाबाद येथे रफूगरांची वस्ती आजही आहे. जुन्या शालींची दुरुस्ती हा तेथील कुटुंबांचा वंशपरंपरागत व्यवसाय असून, वस्त्रकलावंत प्रिया रविश मेहरा यांनी २०१८ मधील आपल्या निधनापर्यंत अनेक वर्षे त्यांच्या कामाची नोंद केली आणि त्यांना कारागीर म्हणून ओळख मिळावी यासाठी खटपट केली.

खानदेशालाही तलम कापडाची परंपरा आहे. अकबराने १६०१ च्या प्रारंभी असीरगड घेतल्यावर हा मुलूख मोगलांकडे आला. आइन-ए-अकबरीत या सुभ्याचे वर्णन करताना चांगल्या कापडाचा उल्लेख येतो आणि सिरीसाफ व भिरौन या जाती धरणगावच्या असल्याचे म्हटले आहे. हे धरणगाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. सतराव्या शतकात तेथे इंग्रजांची वखार होती, त्यामागेही कापडच होते. सुभ्याचे मुख्य ठाणे असलेल्या बुऱ्हाणपुरात, जे आता मध्य प्रदेशात मोडते, अतिशय पारदर्शक मलमल होत असे आणि ती इराण, तुर्कस्तान, पोलंड, मॉस्कोपर्यंत जात असे, असे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने लिहून ठेवले आहे. सोन्या-चांदीच्या तारांची फुले असलेले बुरखे आणि ओढण्याही तेथे होत. फैजपूरचे छापील कापड आणि निळ्या-तांबड्या रंगांचे काम एकोणिसाव्या शतकातही प्रसिद्ध होते. इतके मोलाचे कापड विणणाऱ्या, रंगवणाऱ्या आणि लांब पाठवणाऱ्या पेठांत गाठी, तुटलेले धागे आणि विणीतले दोष सुधारणारे हात असणे हे ओघानेच येते.

तथापि खानदेशातील बहुसंख्य लोकांच्या अंगावर हे तलम कापड कधीच नव्हते. येथला देशी कापूस आखूड धाग्याचा. त्याचे सूत जाडच निघते आणि त्या सुताचे कापड टिकाऊ पण भरड होते. शेतात पऱ्हाटीने आणि बाभळीने फाटणाऱ्या अशा कापडाला ठिगळ हाच योग्य इलाज होता, आणि ठिगळांनीही जेथे भागेनासे होई तेथे ते लुगडे किंवा धोतर गोधडीच्या थरांत जाई. गोधडी शिवणाऱ्या बायकांचा धावदोरा आणि रफूगराची सुई या एकाच काटकसरीच्या दोन वाटा आहेत, परंतु त्यांची दृष्टी वेगळी आहे: गोधडीचा टाका दिसण्यासाठी घातलेला असतो, त्याच्या ओळींनाच नक्षीचे रूप येते, तर रफूचा टाका दिसला की तो फसला असे समजायचे. दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. खेड्यातल्या भरड कापडाने गोधडी घडवली आणि पेठेतल्या तलम कापडाने रफू जोपासला, एवढेच म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलले. १८६० च्या दशकात मुंबईहून भुसावळपर्यंत आगगाडी आली, त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे खानदेशच्या कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला, आणि पुढच्या दशकात जळगावात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला प्रताप शेठ यांनी प्रताप मिल काढली. धुळे आणि चाळीसगाव येथेही गिरण्या झाल्या. गिरणीत मागावरून उतरलेले कोरे कापड उजेडाच्या टेबलावरून सरकवून तपासले जाते. ताण्याचा धागा तुटून राहिलेली उभी फट, बाण्याची सुटलेली ओळ, वर आलेली गाठ असे दोष तेथे हेरून चिमट्याने व सुईने सुधारले जातात. लोकरी कापडाच्या गिरण्यांत तर याचे स्वतंत्र खातेच असते. ढाक्याच्या रफूगराचे मूळ काम हेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या त्याच उत्तरार्धात, १८५७ नंतरच्या धामधुमीमुळे आणि दुष्काळांमुळे उत्तर भारतातून निघालेली मोमीन विणकर कुटुंबे मालेगाव, धुळे, भिवंडी, बुऱ्हाणपूर या गावांत येऊन वसली. खानदेशात अहिर शिंपी समाजाकडे शिवणकामाची परंपरा आधीपासून होतीच. कापणारा व शिवणारा शिंपी, विणीची जाण असलेला विणकर आणि रंगाचे ज्ञान असलेला रंगारी अशा तिघांच्या शेजारात रफूची विद्या वाढते, आणि हे तिघेही खानदेशच्या पेठांत होते. पुढे कचेऱ्या, वकिली आणि लग्नसमारंभ यांच्यामुळे लोकरी कोट व सुटाचे कापड मध्यमवर्गात आले. खानदेशात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि थंडी जेमतेम अडीच-तीन महिने टिकते. त्यामुळे लग्नातला कोट वर्षातील बहुतेक काळ पेटीत पडून राहतो, कसर तेथेच लागते आणि लग्नसराईच्या तोंडावर तो बाहेर काढल्यावर रफूगराची आठवण होते. आज हे काम पुष्कळदा थेट रफूगराकडे जात नाही. लाँड्री किंवा ड्रायक्लीनिंगवाला ते घेतो आणि रफूगराकडे पोचवतो. त्यामुळे ज्याने काम केले त्याचे नावही गिऱ्हाइकाला कळत नाही.

घरातील जुनी पैठणी हा याच विद्येचा, पण अधिक जोखमीचा प्रांत आहे. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि वेली भरतकामाने काढलेले नसतात. रंगीत रेशमाचे बाणे जरीच्या धाग्यांशी एकमेकांत अडकवून ते मागावरच विणलेले असतात, म्हणून पदराची पालथी बाजूही सुलट्या बाजूइतकीच स्वच्छ दिसते. जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, आणि तिचे वजन रेशमापेक्षा बरेच जास्त. साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली की त्या वजनाने आणि मोडीने रेशीम घडीवरच चिरते. अशा चिरेवर घट्ट रफू केला तर नवा मजबूत धागा जुन्या दुबळ्या रेशमाला कापतो आणि चीर शेजारी सरकते. म्हणून समजदार कारागीर मागे त्याच रंगाचे पातळ रेशीम किंवा जाळी आधाराला लावून, चिरेच्या दोन्ही कडा तिच्यावर बारीक टाक्यांनी नुसत्या पकडून ठेवतो. वस्तुसंग्रहालयांतील वस्त्रसंवर्धक याच मताचे असतात. त्यांच्या शास्त्रात दुरुस्ती दुरून खटकू नये पण जवळून ओळखता यावी आणि पुढे कोणाला ती काढायची झाली तर मूळ वस्त्राला इजा न होता काढता यावी, असा दंडक आहे. अंगावर घालायच्या कोटाला अदृश्य रफू आणि वारशाच्या पैठणीला आधाराची दुरुस्ती, हा विवेक दुकानात गिऱ्हाइकानेच मागून घ्यायला हवा.

जळगावची आणि अमळनेरची गिरणी आता बंद आहे. रफूगरांची संख्या घटत चालल्याचे कारण लोकांना कपड्यांची कदर उरली नाही असे सांगितले जाते, परंतु ते अपुरे आहे. कापडच बदलले आहे. मायेचे कापड न सोडता शिवलेले तयार कपडे, लवचीक धागा घातलेल्या जीन्स, पॉलिएस्टरची मिश्रणे आणि फासांनी गुंफलेले टी-शर्ट यांनी कपाटाचा मोठा भाग व्यापला आहे, आणि यांपैकी कशालाच जुना रफू नीट लागू पडत नाही. दुसरे कारण मोबदल्याचे आहे. रफूचा दर बहुधा भोकाच्या आकारावर ठरतो, प्रत्यक्षात मात्र श्रम धाग्यांच्या संख्येवर आणि विणीवर अवलंबून असतात. पाव इंचाचे तलम भोक एक इंचाच्या भरड भोकापेक्षा जास्त वेळ खाऊ शकते. शिवाय काम जितके उत्तम तितके ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे देताना गिऱ्हाईक घासाघीस करते. हा अन्याय आहे, आणि तो कारागिराच्या पुढच्या पिढीला या धंद्यापासून दूर नेतो. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून कपडे व पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्यास दुरुस्तीच्या प्रकारानुसार ६ ते २५ युरोंची सवलत मिळू लागली, आणि तिचा खर्च कपडे बाजारात आणणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून भागवला जातो. भारतात असे काही होईपर्यंत रफूचे भवितव्य शिंपी, लाँड्रीवाले आणि गिऱ्हाईक या तिघांच्या वागण्यावर अवलंबून राहणार आहे. आपल्या शिवणकामाच्या वर्गांत विद्यार्थिनींना काजे आणि तुरपाई शिकवली जाते, त्याच तासांत साध्या व तिरप्या विणीचा रफू शिकवणे अवघड नाही. त्यासाठी लागतात सुई, भिंग आणि चिंध्या.

वाचकांनी करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. कपडा फाटताच त्यावर घरी टाके घालू नयेत, चिकटपट्टी किंवा डिंक लावू नये आणि लोंबणाऱ्या दशा कापू नयेत, कारण त्याच दशांवरून रफूगराला वीण वाचता येते. कपडा धुऊन द्यावा, पण भोकावर इस्त्री फिरवू नये. लोकरी कोट पेटीत ठेवण्यापूर्वी स्वच्छ करून, उन्हात झटकून ठेवावा. रेशमी साडीची घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी. नवी पँट किंवा कोट शिवून घेताना तळाची पट्टी दोन इंचांची ठेवायला शिंप्याला सांगावे, उरलेल्या कापडाचा तुकडा मागून घ्यावा आणि तो त्याच कपड्यासोबत कपाटात ठेवावा. रफूगराला लागणारा धागा त्याच तुकड्यातून मिळतो.